पाठीमागचा सूर

गाण्याच्या बैठकीत तंबोऱ्यावर बसलेल्या माणसाकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. गवयाच्या तानेला, तबलजीच्या तिहाईला, पेटीवाल्याच्या बोटांना दाद मिळते; तंबोरा मात्र थांबला तरच आठवतो. अमेरिकेत जन्मलेल्या जाझ संगीतात असेच एक वाद्य आहे. दिसायला ते साऱ्या ताफ्यात थोरले, उभ्या माणसाच्याही डोक्यावर जाणारे. परंतु ऐकायला सर्वांत मागचे. इंग्रजीत त्याला डबल बास म्हणतात, पोर्तुगीजांनी त्याला रबेकांव म्हटले. जुन्या हिंदी चित्रपटांतल्या क्लबच्या दृश्यात, नाचणाऱ्या जोडप्यांच्या पलीकडे, एखादा गृहस्थ भल्यामोठ्या व्हायोलिनला कवेत घेऊन तारा छेडताना आपण पाहिलेला असतो. तेच हे वाद्य.

या वाद्याची कहाणी नुसती लाकडाची आणि तारांची नाही. ते ज्यांनी वाजवले त्यांच्यापैकी कित्येकांना प्रथम दुसरेच काही वाजवावयाचे होते. एक दार बंद झाले, म्हणून ते या वाद्यापाशी आले आणि मग त्यांनी त्याचे सोने केले. ही कहाणी त्यांचीही आहे.

आधी वाद्याची ओळख करून घेऊ. वरची पाटी, म्हणजे आपल्या सतारीच्या भाषेत तबली, ही स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या लाकडाची. पाठ आणि कडा मेपलच्या. बोटांखालची लांब काळी पट्टी आबनुसाची. चार तारा, आणि घोडीपासून अटीपर्यंत प्रत्येकीची लांबी जवळजवळ 105 सेंटिमीटर. सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे 41 वेळा कंप पावते. एवढा खालचा सूर कानाने ऐकण्यापेक्षा पायाखालच्या फळ्यांतून अंगात शिरल्यासारखाच अधिक वाटतो. व्हायोलिनच्या तारा षड्ज-पंचमाच्या नात्याने जुळवतात. याच्या तारा षड्ज-मध्यमाच्या नात्याने. त्याचे कारण अगदी साधे आहे. तार एवढी लांब, की वादकाने डाव्या हाताची तर्जनी आणि करंगळी जास्तीत जास्त ताणली तरी मानेच्या वरच्या भागात त्यांच्यामध्ये एका पूर्ण स्वराचेच, म्हणजे सा पासून रे पर्यंतचेच, अंतर बसते. तारा एकमेकींपासून पंचमावर असत्या, तर हाताला पळता भुई थोडी झाली असती.

युरोपच्या वाद्यवृंदांत हे वाद्य मुख्यतः गजाने वाजवीत. न्यू ऑर्लिन्स शहरात, मिसिसिपी नदीच्या मुखाजवळ, विसाव्या शतकाच्या आरंभी जाझ आकाराला येत होते, तेव्हा ते तिथेही पोहोचले. बडी बोल्डन हा त्या संगीताचा आद्य कॉर्नेटवादक. त्याच्या ताफ्याचे एकच छायाचित्र आज उपलब्ध आहे, 1905 च्या सुमाराचे. त्यात जिमी जॉन्सन नावाचा तरुण डबल बास घेऊन उभा आहे. म्हणजे जाझच्या पहिल्या पंगतीतच या वाद्याचे पान मांडलेले होते.

गज जाऊन बोटे कशी आली, याची एक आख्यायिका वादक मंडळी आवडीने सांगत. बिल जॉन्सन हा बासवादक 1911 साली लुइझियानातल्या श्रीव्हपोर्ट गावी वाजवीत असता त्याचा गज मोडला. कार्यक्रम थांबवणे शक्य नव्हते. त्याने रात्रभर बोटांनीच तारा छेडल्या, आणि नाचणाऱ्यांना तो ठेका एवढा भावला की पुन्हा गज हाती घेण्याचे कारण उरले नाही. आख्यायिका म्हणूनच ती ऐकावी. न्यू ऑर्लिन्समध्ये बोटांनी तारा छेडणे त्याआधीही चालत असे. परंतु आख्यायिका जिथे जन्मते तिथे काहीतरी खरे असते. नाचाच्या दिवाणखान्यात गजाचा लांब, गुळगुळीत सूर विरून जातो. बोटाने ओढलेल्या तारेचा ठोका मात्र पायांना समजतो. हा बिल जॉन्सन पुढे जवळजवळ शंभर वर्षे जगला आणि 1972 साली वारला.

त्याच काळातला दुसरा वादक पॉप्स फॉस्टर. लुइझियानातल्या एका मळ्यावर 1892 साली जन्मलेला. त्याने आपल्या आठवणींत सांगितले आहे, की लहानपणी घरात बास घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून त्याच्या थोरल्या भावाने पिठाच्या पिंपाला दांडा ठोकून बास तयार केला आणि सुतळीला मेण व राळ चोळून तिच्या तारा केल्या. भोपळ्याची एकतारी करणाऱ्या आपल्या मुलुखाला यात नवल वाटणार नाही. हाच फॉस्टर 1929 पासून लुई आर्मस्ट्राँगसारख्या बिनीच्या वादकामागे उभा राहिला. त्या दिवसांत दिवाणखान्यांत ध्वनिवर्धक नसत. ट्रम्पेट आणि ट्रॉम्बोनच्या गदारोळात ऐकू जावे म्हणून बासवादक तार जोराने उचलून काळ्या पट्टीवर आपटू देत आणि वर तळव्याची थाप मारीत. बोटांना फोड येत, ते फुटत, मग त्यांचे घट्टे होत. घट्टे पडल्यावाचून बासवादक होता येत नाही, हे आजही खरे आहे.

पहिली कित्येक वर्षे या वाद्याला तबकडीवर जागाच नव्हती. 1925 पूर्वी ध्वनिमुद्रण कर्ण्यात वाजवून होत असे. बासचा खोल सूर त्या यंत्राला नीट पकडता येत नसे. 1923 साली किंग ऑलिव्हरच्या ताफ्याने आपल्या पहिल्या प्रसिद्ध तबकड्या केल्या, तेव्हा त्या ताफ्याचा बासवादक, आपला बिल जॉन्सनच, हातात बँजो घेऊन बसला होता. विजेचे ध्वनिमुद्रण आले आणि मग जगाला कळले, की या संगीताच्या तळाशी कुणीतरी आहे. ड्यूक एलिंग्टनच्या ताफ्यात वेलमन ब्रॉड 1927 पासून हे काम करू लागला. कॅन्सस सिटीच्या वॉल्टर पेजने काउंट बेसीच्या ताफ्यात प्रत्येक मात्रेवर एक सूर ठेवीत पायऱ्या चढण्या-उतरण्याची ती चाल पक्की केली, जिला वादक 'वॉकिंग' म्हणतात. नाव यथार्थ आहे. सूर खरोखर चालत जातात. आपल्या भाषेत सांगावयाचे तर तबल्याचा ठेका आणि तंबोऱ्याचा आधार ही दोन्ही कामे एकाच वाद्याने करावयाची. फरक एवढाच, की तंबोऱ्याचा षड्ज जागचा हलत नाही आणि बासला मात्र स्वरसंगती बदलेल तसे दर क्षणी नवे घर शोधावे लागते. द्रुत लयीत, मिनिटाला 200 मात्रा धरल्या, तर दहा मिनिटांत दोन हजार सूर होतात. त्यातले पाच चुकले तर श्रोत्याला कदाचित कळणार नाही. परंतु ताफ्याचा तोल कुठेतरी ढळल्याचे त्याला जाणवल्यावाचून राहणार नाही.

आता त्या बंद दारांकडे वळू. मिल्ट हिंटन 1910 साली मिसिसिपी राज्यात जन्मला आणि शिकागोत वाढला. तो व्हायोलिन शिकला. मूकपट चालू असताना पडद्यापुढे बसून वाजवणे, हा तेव्हा व्हायोलिनवादकाचा हुकमी रोजगार होता. 1927 साली बोलपट आला आणि बघता बघता तो रोजगार बुडाला. गोऱ्यांच्या वाद्यवृंदांत कृष्णवर्णी वादकाला जागा नव्हती. हिंटन बासकडे वळला. 1936 पासून पंधरा वर्षे तो कॅब कॅलोवेच्या ताफ्याबरोबर अमेरिकाभर हिंडला. बासइतकाच त्याने कॅमेरा सांभाळला, आणि दक्षिणेकडल्या रेल्वे स्थानकांवर वर्णभेदाच्या पाट्यांखाली उभ्या असलेल्या आपल्या सोबत्यांची छायाचित्रे घेतली. ती आज त्या काळाची साक्ष देतात.

चार्ल्स मिंगसला चेलो वाजवावयाचा होता. काळ्या मुलाला अभिजात संगीतात पोट भरता येणार नाही, बास धर, असा सल्ला त्याला एका मित्राने दिला. रॉन कार्टरही लहानपणी चेलोच शिकत होता. 1954 साली त्याने बास उचलला. रॉचेस्टरच्या ईस्टमन संगीत विद्यालयात त्याने रीतसर शिक्षण घेतले. लिओपोल्ड स्टोकोव्स्की हा तेव्हाचा जगद्विख्यात संगीत-दिग्दर्शक. त्याने मुलाची तयारी वाखाणली. पण ह्यूस्टनच्या आपल्या वाद्यवृंदाचे चालक काळ्या वादकाला घ्यायला तयार होणार नाहीत, असेही त्याला सांगितले, ही हकीगत स्वतः कार्टरने सांगितलेली आहे. वाद्यवृंदाचे नुकसान ते जाझचे भाग्य. 2015 सालापर्यंत त्याच्या नावावर 2,200 हून अधिक ध्वनिमुद्रणे जमा झाली होती. परंतु भाग्य म्हणताना जरा अडखळायला होते. ज्याला दारातून परतवले तो पुढे मोठा झाला, म्हणून परतवणे योग्य ठरत नाही. जे मोठे होऊ शकले नाहीत, त्यांची नावे आपल्यापर्यंत आलेली नाहीत, इतकेच.

एक नाव आले आणि लगेच विझले. जिमी ब्लँटन. टेनेसीतल्या चॅटनूगा गावचा, जन्म 1918. हाही आधी व्हायोलिन शिकलेला. 1939 साली सेंट लुई शहरी एलिंग्टनच्या ताफ्याने त्याला ऐकले आणि एलिंग्टनने त्याला बरोबर घेतले. तोवर बासने ठेका धरावा, फार तर चार मात्रा स्वतःच्या घ्याव्यात, अशी रीत होती. हा एकवीस वर्षांचा मुलगा बासवर गाऊ लागला. 1940 सालच्या 'जॅक द बेअर' आणि 'को-को' या तबकड्यांत, आणि एलिंग्टनच्या पियानोबरोबर त्याने एकट्याने केलेल्या मुद्रणांत, ते ऐकावयास मिळते. त्याला अवघी दोन-अडीच वर्षे मिळाली. क्षयाने ग्रासल्यामुळे त्याला ताफा सोडावा लागला आणि 30 जुलै 1942 रोजी कॅलिफोर्नियात तो वारला. वय वर्षे 23. क्षयावरचे स्ट्रेप्टोमायसिन पुढल्याच वर्षी, 1943 साली, प्रयोगशाळेत सापडले. ऑस्कर पेटिफोर्ड, रे ब्राऊन, मिंगस, सगळे ब्लँटनने मळलेल्या वाटेने गेले.

माणसे अशी जातात. वाद्य मागे राहते. नीट जपलेला बास शंभर-दोनशे वर्षे सहज वाजतो, आणि जुने, वाळलेले, वर्षानुवर्षे कंप पावलेले लाकूड बहुतेक वादकांना नव्याहून प्रिय असते. पण म्हाताऱ्या माणसाप्रमाणे म्हाताऱ्या बासचेही पथ्यपाणी असते. चारी पोलादी तारांचा मिळून ताण सुमारे 120 किलोंचा. म्हणजे दोन मोठी माणसे जणू त्या वाद्याला अहोरात्र लोंबकळत असतात. हा भार पेलायला पोटात, घोडीच्या एका पायाजवळ, एक लहानसा लाकडी दांडा उभा केलेला असतो. तो चिकटवलेला नसतो. वरची पाटी आणि पाठ यांच्यामध्ये नुसता दाबाने उभा असतो. तो केसभर सरकला तरी आवाज बदलतो. फ्रेंच आणि इटालियन भाषांत त्याला जे नाव आहे त्याचा अर्थ 'आत्मा' असा होतो. म्हणूनच जाणता वादक चारी तारा एकाच वेळी कधी सैल करीत नाही. एक काढावी, तिच्या जागी नवी चढवावी, मग दुसरीला हात लावावा. सगळा दाब एकदम गेला तर घोडी आडवी होते आणि आत्मा पोटात गडगडतो.

या वाद्याचे सांधे सरसाने जोडलेले असतात. जनावरांच्या कातड्यापासून केलेला, गरम पाण्यात विरघळवावयाचा हा जुना सरस मुद्दाम वापरतात, कारण तो लाकडापेक्षा कमजोर असतो. हवा कोरडी पडली की लाकूड आकसते. अशा वेळी कुठेतरी काहीतरी सुटावे लागते. सरस असेल तर सांधा सुटतो आणि तो अर्ध्या दिवसात पुन्हा जोडता येतो. सुताराचा आधुनिक पक्का डिंक लावला तर सांधा सुटत नाही, पाटीच तडकते. शिकागोच्या हिवाळ्यात तापवलेल्या कोरड्या खोलीत असे तडे हमखास जातात, म्हणून वादक वाद्याच्या पोटात ओला बोळा घातलेली रबरी नळी सोडून ठेवतात. पावसाळी दमट हवेत उलटा प्रकार: लाकूड फुगते, तबली वर येते, तारा बोटांपासून दूर जातात आणि दाबता दाबता मनगट दुखू लागते. त्यावर उपाय म्हणून घोडीच्या पायांत पितळेची किंवा दुसऱ्या धातूची बारीक चाके बसवतात. ती फिरवून ऋतूप्रमाणे घोडी वर-खाली करता येते.

पूर्वी तारा मेंढीच्या आतड्याच्या असत. त्यांचा आवाज गोलसर, चटकन विझणारा. 1950 नंतरच्या दशकांत पोलादी तारा रूढ झाल्या. त्यांना आस अधिक आणि त्या बोटांना सोप्या. पण त्यांचा ताण जास्त, म्हणून आतड्याच्या तारांसाठी घडवलेल्या जुन्या वाद्यांना तो सोसवणे जपून पाहावे लागले. तारा रोज घासून काळ्या पट्टीवर चरे पडतात, तेव्हा कारागिराकडून रंध्याने ती पुन्हा सारखी करून घ्यावी लागते. राळेची पूड कोरड्या फडक्याने रोज पुसावयाची. उन्हात उभ्या मोटारीत वाद्य ठेवावयाचे नाही. विसाव्याला टेकवताना ते कुशीवर निजवावे, घोडीवर कधीच नव्हे. कार्यक्रमाच्या जागी पोहोचल्यावर वादक प्रथम खुर्ची शोधत नाही. जिथे वेटरचा पाय लागणार नाही असा कोपरा शोधतो. बासरीवाला आपले वाद्य पिशवीत टाकून अखेरच्या गाडीने घरी जातो. बासवाल्याला मात्र रात्री एक वाजता जिन्याच्या वळणाशी तडजोड करीत बसावे लागते. शिकागोच्या केय कंपनीने 1930 नंतरच्या दशकात थरांच्या लाकडाचे, म्हणजे प्लायवूडचे, बास मोठ्या संख्येने काढले. रसिकांनी नाके मुरडली. पण प्रवासात तडकत नाही म्हणून शाळांनी आणि फिरत्या ताफ्यांनी ते आपलेसे केले.

या साऱ्याचा आपल्याशी संबंध काय, असे कुणी विचारील. संबंध आहे, आणि तो जवळचा आहे. गोव्यात पोर्तुगीज अमदानीत चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवीत. ती मुले मोठी होऊन पोटासाठी मुंबईला आली. 1935 साली लिऑन ॲबी या कृष्णवर्णी अमेरिकन व्हायोलिनवादकाचा ताफा मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला आणि शहराला खरे जाझ ऐकावयास मिळाले. गोव्याच्या वादकांनी ते आत्मसात केले. हळदोण्याचे अँटोनियो शाव्हियेर वाझ, म्हणजे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट, यांच्या ताफ्याने मुंबई गाजवली, सी. रामचंद्र यांच्या संगीताने नटलेल्या 1951 च्या 'अलबेला' चित्रपटातल्या उड्या मारणाऱ्या लयीत या मंडळींचा मोठा वाटा होता. पुणतांब्याचा चितळकर आणि हळदोण्याचा वाझ यांनी न्यू ऑर्लिन्सची लय मराठी घरांच्या रेडिओत आणून बसवली. तिच्या तळाशी कुणीतरी बासवाला होताच. पडद्यावरच्या श्रेयनामावलीत त्याचे नाव शोधू नये, सापडत नाही.

1958 साली डेव्ह ब्रुबेक यांचे चौघांचे पथक मुंबईला आले. अमेरिकन सरकारने ते पाठवले होते. आमच्या देशात सर्व वर्णांची माणसे कशी एकत्र नांदतात, हे जगाला दाखवण्यासाठी अशी पथके धाडली जात. त्या चौघांत तिघे गोरे आणि एक काळा. तो काळा म्हणजे बासवादक यूजीन राइट. हे पथक परत गेले आणि दोन वर्षांनी, 1960 च्या आरंभी, अमेरिकेच्या दक्षिणेतल्या महाविद्यालयांचा दौरा ठरला. तेव्हा बासवादक बदलून गोरा आणा, अशी अट त्यातल्या बहुतेकांनी घातली. ब्रुबेक यांनी अट झुगारली, आणि बहुतेक सारा दौरा रद्द झाला. त्यात पैशाचे नुकसान फार झाले. परंतु जगासमोर ज्या माणसाला मिरवले त्याला घरच्या मांडवातून उठवणे त्यांनी नाकारले. जो मागे उभा राहतो, त्याच्यासाठी पुढच्याने एकदा तरी मागे वळून उभे राहावे, ही अपेक्षा ब्रुबेक यांनी पुरी केली. राइट 2020 साली, वयाच्या 97 व्या वर्षी निवर्तले.

लिओ फेंडर यांनी 1951 साली कॅलिफोर्नियात विजेचा बास बाजारात आणला. गिटारीसारखा गळ्यात अडकवता येणारा, मोठा आवाज देणारा, जिन्यात न अडकणारा. आता थोरल्या लाकडी बासचे दिवस भरले, असे पुष्कळांना वाटले. नाचाच्या ताफ्यांतून आणि पुढे आपल्या चित्रपटांतूनही तो बराच मागे पडला, हे खरे. पण जाझमधून तो गेला नाही. विजेच्या तारेला पोट नसते. लाकडाच्या पोटातून येणाऱ्या सुराला एक श्वास असतो, आणि तो ऐकू यावा म्हणून आजचे तरुण वादकही ते अवजड धूड खांद्यावर घेऊन हिंडतात, त्याच्या सांध्यांना सरस लावतात आणि बोटांना घट्टे पाडून घेतात.

या दिवाळीत फुरसतीने ऐकावयाचे झाले, तर माइल्स डेव्हिस यांच्या 1959 सालच्या 'काइंड ऑफ ब्लू' या संचातली पहिली चीज ऐकावी. तिचे मुख्य सूर ट्रम्पेट सांगत नाही, सॅक्सोफोनही नाही. ते पॉल चेंबर्सचा बास सांगतो, आणि बाकीचे सारे त्याला हुंकार देतात. ती चीज मुद्रित झाली तेव्हा चेंबर्स 23 वर्षांचा होता आणि 1969 च्या जानेवारीत तोही क्षयानेच गेला. मुलांना जवळ बसवावे आणि विचारावे, खालून चालत येणारा तो आवाज कोणाचा? एकदा तो कानाला सापडला की मग जुन्या चित्रगीतांतही सापडू लागतो. श्रेयनामावलीत ज्यांची नावे नाहीत, त्यांची भेट अशीच घ्यावी लागते.